उजवीकडून सुरू होणारी वही

इंदूबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, कमरेवर हात ठेवून कण्हत होतो. नोकरीच होती माझी तशी. कुटुंबनियोजनाच्या प्रचाराला औरंगाबादहून एक सरकारी कलापथक निघायचं. त्यात एक पेटीवाला, एक ढोलकीवाला, दोन गाणारे आणि नकला करायला मी. पाचोडच्या शाळेत मास्तरांच्या नकला करून जेवढा मार खाल्ला तेवढाच अनुभव मुलाखतीत सांगितला आणि लागलो. आई गावभर सांगायची, दत्तू सरकारात आहे. सरकारात दत्तू लुगडं नेसतो हे मात्र ती कुणाला सांगायची नाय.

तेव्हा लूपचे दिवस होते. लूप म्हणजे प्लास्टिकची वेटोळी तार. परदेशातून खोक्याखोक्यानं यायची. बाईच्या गर्भाशयात बसवली की पाळणा थांबला, असा सगळा हिशेब. गावात तिला कुणी लूप म्हणायचं नाय, तारच म्हणायचे. माझा जो आयटम होता त्यात मी कोंडाबाई. कोंडाबाई रडत यायची, तार बसवल्यापासनं कंबर गेली, अंगावरून जातंय, डोळ्यापुढं अंधारी येते, म्हणून भोकाड पसरायची. शेवटी पेटीवाला डॉक्टर होऊन विचारायचा, बाई, तार बसवली कधी? आणि कोंडाबाई लाजून सांगायची, मी कुठं बसवली, शेजारीण म्हणाली म्हणून रडतेय. की पब्लिक आडवं. ऑफिसनं हा आयटम मुद्दाम बसवून घेतला होता, अफवा मोडायला.

निंबवाडीला बाजाराच्या दिवशी दुपारी आमचा कार्यक्रम झाला. पैठण रोडनं चितेगाव सोडून पुढं आत वळायचं, तिथं हे गाव. बाप्ये हसून हसून पागोटी सावरत होते. बायका एका अंगाला बसल्या होत्या, तोंडात पदर धरून. नकला करणाऱ्याचं लक्ष हसणाऱ्यापेक्षा न हसणाऱ्याकडं जास्त जातं. एकही बाई हसत नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत लुगडं सोडत होतो, तर दार न वाजवता एक बाई आत आल्या, ह्याच इंदूबाई. पांढरं पातळ, काडी मोडलेला चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला, हातात चहाचा पितळी पेला. मी घाईघाईनं लुगड्याचा सोगा अंगाभोवती घेतला. त्या म्हणाल्या, "राहू दे, मी नर्स आहे. तुझ्याकडं नवीन काय असणार." मग चहाचा घोट घेऊन शांतपणे म्हणाल्या, "नक्कल फर्स्टक्लास. पण हात चुकतोय."

"कुठं?"

"तू कंबर धरतोस. ती इथं धरते." आणि त्यांनी स्वतःच्या ओटीपोटावर, अगदी खाली, मूठ दाबून दाखवली. "उद्या सकाळी ये. दाखवते."

माझ्या नकलेत चूक काढलेली मला खपत नाय. म्हणून गेलो. पथकाची जीप तशीही टायर फुटून गावातच पडली होती.

बाईंनी मला तीन घरं दाखवली. मला अंगणातच उभं केलं आणि स्वतः आत गेल्या. पहिल्या घरी सखू म्हणून एक पोरसवदा बाई हंडा उचलत होती. एक हात हंड्याला, दुसऱ्या हाताची मूठ बरोब्बर तिथं, जिथं बाईंनी दाखवली होती. दुसऱ्या घरी एकजण मागच्या दारी फडकी धुवत होती, मला पाहून तिनं ती परातीखाली झाकली. तिसऱ्या घरातली उठून बाहेरच आली नाय. आतून नुसतं बोलणं ऐकू येत होतं, हळू, थांबून थांबून. परत येताना बाई पुढं झपाझप चालत होत्या. मीच म्हणालो, "बाई, मला काय माहीत." त्या म्हणाल्या, "व्हय. म्हणूनच दाखवलं. माहीत असून केलं असतंस तर चहा पण विचारला नसता." आणि मग दवाखान्यात नेऊन मला चहा पाजला.

त्या दिवसापासनं पथकात माझा घसा बसायला लागला. कोंडाबाईची वेळ आली की बसायचा. त्याऐवजी मी एसटी सुरू होते त्याची नक्कल करायचो. थंडीतली एसटी, हँडल मारून मारून सुरू होणारी. तीही लोकांना आवडली. आणि जेव्हा जेव्हा आमची जीप त्या बाजूला जायची तेव्हा मी निंबवाडीला उतरून दवाखान्यात डोकावायचो. बाई मला नकल्या म्हणायच्या. "ये नकल्या, तशरीफ ठेव."

बोलणं त्यांचं असंच, निम्मं शिमग्यातलं निम्मं दरबारातलं. घराणं कुलकर्ण्यांचं, वडील निजामाच्या अंमलात गावचं दप्तर सांभाळायचे. शाळा तेव्हा उर्दूतच, म्हणून बाई उर्दूत शिकल्या, नर्सिंगही हैदराबादला जाऊन उर्दूतच केलं. पोलिस ॲक्शन झालं, राज्य बदललं, पाट्या बदलल्या. बाई मराठी बोलायच्या, वाचायच्या, पण घाईत लिहायचं म्हटलं की हात उजवीकडूनच सुरू व्हायचा. दुकानाची यादीसुद्धा उर्दूत. किराणावाला बिचारा यादी घेऊन मशिदीत जायचा, वाचून घ्यायला. बाई म्हणायच्या, तेवढाच त्याचा नमाजाशी संबंध येतो.

पेशंट बोलत असताना त्या मधे बोलायच्या नायत. कितीही वेळ. बाई नवऱ्यापासनं सुरू करून सासू, म्हैस, विहीर, असं सगळं सांगून शेवटी दुखण्यावर यायची, तोवर इंदूबाई चिमटा हातात धरून ऐकत बसायच्या. मी एकदा विचारलं, एवढं कशाला ऐकता? तर म्हणाल्या, "म्हैस आटली म्हणते ना ती, तिथंच दुखणं असतं." मला आजपर्यंत ते पुरतं कळलेलं नाय, पण तेव्हापासनं कुणी म्हशीचं बोलायला लागलं की मी कान टवकारतो.

गावात त्यांच्याबद्दल एक गोष्ट हसून बोलली जायची, की हिला स्वतःला लेकरू नाय आणि ही दुसऱ्यांची बंद करायला आली. हे कुणी तोंडावर म्हणत नव्हतं. म्हणाले ते सरपंच, भर पारावर, एका बैठकीत. आमच्या ऑफिसचे साहेबही हजर होते, आमचं पथकही. सरपंच म्हणाले, "बाई, तुम्हाला काय कळणार लेकराबाळाचं. तुम्ही रिकाम्या." सगळे खाली बघायला लागले. बाईंनी चष्म्याचा दोरा नीट केला. म्हणाल्या, "बरोबर आहे सरपंचसाहेब. पाच वर्षं झाली, लेकरू नाय, म्हणून घरधन्यानं मला माहेरी आणून सोडलं. दुसरी केली. तिलाही झालं नाय. तिसरी केली. तिलाही नाय. तीन बायका झाल्या तरी त्यांना कुणी म्हणालं नाय, की मालक, एकदा तुम्ही दवाखान्यात चला."

पारावर पहिल्यांदा ढोलकीवाला हसला, मग सगळेच. सरपंच पण हसले, हसण्यावाचून इलाजच नव्हता. बाई मात्र थांबल्या नायत. म्हणाल्या, बाप्याचं ऑपरेशन दहा मिनिटाचं, तिसऱ्या दिवशी कामावर, आपल्याच दवाखान्यात होतं, बघा इथं कोण कोण तयार आहे. बघता बघता पार रिकामा. एकाला बैल सोडायचे होते, एकाची सोयरीक आली होती. सरपंच म्हणाले, नांगर धरायला ताकद लागते वो. बाई म्हणाल्या, "आणि खुरपायला, निंदायला, हंडा उचलायला काय लागतं?" पण ऐकायला सरपंचही उरले नव्हते.

आता साहेबांचं सांगतो. देशमाने साहेब पुण्याकडचे. वाक्य "अहो" नं सुरू, "बरं का" नं बंद. मी त्यांची नक्कल करायला लागलो की पेटीवाला खुर्चीवरून उठून उभा राहायचा, इतकी हुबेहूब. माणूस वाईट नव्हता. सकाळी गणपतीला फूल वाहून घरातून निघायचा, ड्रायव्हरला आधी जेवू घालायचा. पण त्याच्या टेबलामागं एक काळा फळा होता आणि फळ्यावर गावांची नावं, प्रत्येक नावापुढं किती तारा बसवायच्या आणि किती बसल्या. साहेब सकाळी आले की आधी फळा, मग चहा. त्यांच्यावर वरचा साहेब, त्याच्यावर अजून वरचा, आणि सगळ्यात वर, असं ते स्वतःच दबक्या आवाजात सांगायचे, परदेशातली मंडळी. धान्य त्यांचं, जीप त्यांची, तारा त्यांच्या. आकडा गेला की तिकडून पुढचं गलबत निघतं, बरं का.

धान्य म्हणजे रेशनवर मिळायची ती लाल ज्वारी, मिलो. भाकरी थापली की लाल, कडक, पोरं तिची चाकं करून खेळायची. जीपच्या दारावर चित्र होतं, दोन हात एकमेकांत घातलेले. बाईंनी एकदा ते चित्र चष्मा सारून नीट पाहिलं आणि ड्रायव्हरला विचारलं, "ह्यातला एक हात त्यांचा, एक आपल्या सरकारचा. बाईचा कोणता?" ड्रायव्हरनं मान खाजवली. नंतर बरेच दिवस तो जीप पुसताना त्या चित्रापाशी थांबायचा.

महिन्यातून एकदा शहरातून लेडी डॉक्टर यायच्या, दिवसभरात रांगेनं तारा बसवायच्या, संध्याकाळी परत. बहुतेकींना काही व्हायचं नाय. पण जिला व्हायचं ती दुसऱ्या दिवशी इंदूबाईंच्या दारात. ऑफिसचा हुकूम असा, की तार काढायची तर लेडी डॉक्टरच काढणार, म्हणजे पुढच्या महिन्यात, आणि त्याही आल्यावर समजूत घालून परत पाठवणार, कारण निघालेली तार फळ्यावरून वजा व्हायची. बाईंचं म्हणणं एवढंच होतं. जी म्हणेल काढा, तिची त्याच दिवशी काढायची. बसवायला तिची कबुली लागते, तर काढायलाही तिचीच पुरे. तारेला त्यांचा विरोध नव्हता. सखूच्या जावेला बसवून दिली होती त्यांनीच आग्रह करून, आणि ती खुशाल होती.

साहेबांकडं त्या गेल्या तेव्हा मी फळ्याशेजारीच उभा होतो. साहेब म्हणाले, अहो, तक्रारी लिहायच्या कुठं? छापील नोंदवहीत तसा रकानाच नाही. रकाना नाही म्हणजे वरच्यांना ते अपेक्षित नाही, बरं का. बाई म्हणाल्या, मग मी माझी वेगळी वही ठेवते. साहेब म्हणाले, ठेवा ना, तुमची हौस. आणि निघताना बजावलं, तार मात्र काढायची नाही. काढलीत असं कळलं तर नोकरी जाईल, मी काही करू शकणार नाही.

बाईंनी वही ठेवली. आणि तारा काढल्या.

जिला त्रास तिची त्याच दिवशी, चिमटे उकळून, पडदा लावून. सगळ्या निंबवाडीला माहीत होतं. एकदा तर सरपंचांची सून पण येऊन गेली, मागच्या दारानं. आणि प्रत्येक बाई वहीत, घाईच्या हातानं, उजवीकडून डावीकडं. महिन्याला साहेब तपासणीला यायचे. टेबलावर सगळ्या वह्यांची चवड असायची, औषधांची, लसीची, जन्माची, ही वही पण त्यातच. साहेब प्रत्येक वही उघडायचे, शेवटच्या नोंदीखाली "पाहिले" लिहायचे, सही, पुढची. पहिल्या खेपेला उर्दू बघून थबकले. "अहो, हे काय?" बाई म्हणाल्या, "माझी रोजची टिपणं साहेब. जुनी सवय." साहेब म्हणाले, "निजामाची सवय काही सुटत नाही तुमची," आणि हसून खाली लिहिलं, पाहिले. सही.

अशी दीड वर्षं गेली.

मग एक दिवस ऑफिसात धावपळ. परदेशातली मंडळी येणार. सगळ्या तालुक्यात निंबवाडीचा आकडा चांगला, काढलेल्या तारा फळ्यापर्यंत पोचतच नव्हत्या ना, म्हणून निंबवाडीला. दवाखान्याला चुना, दाराला आंब्याचं तोरण, हौदाच्या शेवाळावर पांढरी भुकटी. मला साहेबांनी बोलावून सांगितलं, दत्तू, कोंडाबाई झालीच पाहिजे, पाहुण्यांना अफवांचं निर्मूलन दाखवायचंय, बरं का. मी म्हणालो, व्हय साहेब.

पाहुणे तिघं आले. एक उंच टकला गोरा, सारखा हसणारा, खांद्याला कॅमेरा. एक गोरी डॉक्टरीण, उन्हानं लाल झालेली, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेली. आणि दुभाषा म्हणून हैदराबादचे एक मिर्झासाहेब, रिटायर मास्तर, काळी शेरवानी, पानाची डबी. इंग्रजीचं मराठी करायला त्यांना आणलं होतं, पण मराठी त्यांना जेमतेम. त्यामुळं ते इंग्रजीचं उर्दू करायचे आणि निंबवाडी मान डोलवायची.

कार्यक्रम सुरू झाला. कोंडाबाईची वेळ आली. मी पुढं गेलो. लुगडं गाठोड्यात होतंच. समोर बायकांच्यात सखू बसली होती. मी एसटी सुरू केली. हँडल मारलं, इंजिन खोकलं, कंडक्टर ओरडला, पाठीमागं एक कोंबडी सुटली. टकला गोरा मांडीवर हात मारून हसला. साहेब डोळे मोठे करून खुणावत होते. मी गळ्याकडं बोट दाखवलं आणि गाडी पैठणपर्यंत नेली.

नंतर मंडळी दवाखान्यात आली. आम्हीही दारात गर्दी केली. वह्यांची चवड टेबलावर होती. गोऱ्या डॉक्टरणीनं एकेक उघडून पाहिली, साहेब प्रत्येक वहीवरची सही दाखवत होते, नियमित तपासणी, दर महिन्याला, जातीनं. मग ती वही आली. डॉक्टरणीनं ती उलटसुलट केली. मिर्झासाहेबांनी मान पुढं केली आणि त्यांचा चेहराच खुलला. एवढ्या लांब, ह्या आडगावात, आपली लिपी. त्यांनी चष्मा लावला आणि जसं कुणी घरचं पत्र वाचावं तसं मोठ्यानं वाचायला लागले.

"सखू, रामा की घरवाली. तार लगे बीस रोज. खून बंद नहीं. चक्कर. खेत में गिरी. तार निकाली."

पान उलटलं. "गंगू. पेट में दर्द, रात भर. साहब का हुक्म है सब्र करो. तार निकाली."

अजून एक. अजून एक. ते वाचत होते आणि लगेच इंग्रजी करून डॉक्टरणीला सांगत होते. इंदूबाई खिडकीपाशी उभ्या होत्या, हात मागं बांधून. त्यांना माहीत होतं की आता जे वाचलं जातंय त्यानं त्यांची नोकरी जातेय. एकेका ओळीला एकदा जातेय.

मिर्झासाहेबांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं आणि विचारलं, "और ये नीचे किस के दस्तखत हैं?"

सगळ्यांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी वहीकडं पाहिलं. पाहिले. सही. पुढचं पान, पाहिले, सही. दीड वर्षाच्या सह्या. मी आयुष्यात पुष्कळ माणसांचे चेहरे उतरवलेत, पण त्या वेळचा देशमाने साहेबांचा चेहरा मला जमलेला नाय. तो आधी पांढरा झाला, मग लाल, आणि मग हळूहळू, तुम्हाला सांगतो, साहेबासारखा झाला.

"अहो," साहेब घसा साफ करून म्हणाले, "ही आमची खास नोंदवही आहे. त्रास झालेल्या भगिनींसाठी. माझ्याच देखरेखीखाली चालते, बरं का."

मिर्झासाहेबांनी त्याचं इंग्रजी केलं. गोरी डॉक्टरीण उठून उभी राहिली आणि साहेबांचा हात दोन्ही हातांत धरून हलवायला लागली. इतक्या गावांत फिरले, ती म्हणाली, सगळीकडं बसवलेल्यांचा आकडा मिळाला, काढलेल्यांचा पहिल्यांदाच. ढोलकीवाला माझ्या पाठीत तोंड खुपसून हसत होता.

टकला गोरा मात्र आता हसत नव्हता. त्याला आकडा कमी झालेला आवडला नसावा. त्यानं मिर्झासाहेबांना सांगून इंदूबाईंना विचारलं, की अशा तारा काढत बसलात तर ह्या गावात महिन्याला बसतील किती? बाई म्हणाल्या, "त्यांच्या गावात महिन्याला किती बसतात, विचारा." तो म्हणाला, आमची गोष्ट वेगळी, आमच्याकडं खायला पुरेसं आहे. आणि मग त्यानं हातानं हवेत गोल पृथ्वी काढली आणि समजावून सांगितलं. जग आता लहान झालंय. लोक वाढले की उपासमार, उपासमार झाली की दंगे, दंगे झाले की लाल झेंडे, आणि झेंडा एका देशात लागला की शेजारच्यात पसरतो. मग आमचाही देश सुरक्षित राहत नाही. म्हणून आम्ही इतक्या लांबून येतो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एक शब्द बोलल्या नायत. मला वाटलं, आता ह्यांना त्या गोऱ्याची म्हैस सापडली.

मग म्हणाल्या, "म्हणजे सखूच्या पोटात तार राहिली तर ह्यांची सरहद्द शाबूत राहते."

मिर्झासाहेब जरा घुटमळले. "जी, मोटे तौर पर यही."

"मग सखू ह्यांची शिपाई झाली. शिपायाला गोळी लागली तर रजा असते, दवाखाना असतो, घरी परत जाता येतं. हिला काय आहे, तेवढं विचारा त्यांना."

मिर्झासाहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं, सावकाश, एक शब्द न गाळता. टकल्या गोऱ्यानं कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. डॉक्टरणीनं पिशवीतून वही काढून काहीतरी लिहून घेतलं. दारातली सखू काय चाललंय ते न कळून शेजारणीला विचारत होती, माझं नाव कशाला घेतायत?

दोन महिन्यांनी छापील नोंदवही नवीन आली. तिच्यात एक रकाना जास्त होता, तक्रार. आणि निंबवाडीपुरतं तोंडी ठरलं, की त्रास असेल तर नर्सनं तार काढावी, साहेबांना कळवून. साहेब हे सगळ्यांना सांगत फिरायचे, माझी कल्पना. खरं सांगतो, पुढं पुढं त्यांना ती खरोखरच स्वतःची कल्पना वाटायला लागली आणि ते बाकीच्या गावांनाही त्यासाठी भांडायला लागले. बाईंना ह्याचं लई समाधान होतं. त्या म्हणायच्या, असा साहेब मला फुकटात मिळाला.

मी एकदा त्यांना विचारलंच. बाई, खरं सांगा, उर्दू मुद्दाम लिहिलीत ना? त्या चहा बशीत ओतत होत्या. म्हणाल्या, "माझ्या हाताला जी येते ती लिहिली. सही करताना मी कुणाचा हात धरला नाय." आणि बशीवर फुंकर घालताना चष्म्यावर वाफ आली, त्यामुळं डोळे दिसले नायत.

पण असली माणसं एका जागी राहू देत नायत. वरच्या ऑफिसातून हुकूम आला, बढतीवर बदली, मराठवाड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. देशमाने साहेब स्वतः वर जाऊन भांडून आले, पण काही चाललं नाय. निंबवाडीला नवीन नर्स महिन्याभरानं यायची होती. तोवर दवाखान्याला कुलूप. बाईंनी सकाळी चार्ज दिला, किल्ली दिली, सही दिली. म्हणजे दहा वाजल्यापासनं त्या निंबवाडीच्या कुणी नव्हत्या. चिमट्याला हात लावायचाही अधिकार नव्हता.

पथकाला सुट्टी होती म्हणून मी त्यांना पाचोडपर्यंत सोडायला निघालो. फाट्यावर एसटी आली, आम्ही चढलो, ट्रंक टपावर गेली. कंडक्टरनं बेल मारली, गाडी दहा पावलं गेली असेल, तर शेतातून एक बाई पळत आली. काखेत लेकरू, एक हात हलवत. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. बाई खिडकीखाली येऊन उभी राहिली, धापा टाकत. इंदूबाईंकडं बघितलं. फक्त लेकरू ह्या काखेतून त्या काखेत घेतलं आणि मोकळ्या झालेल्या हाताची मूठ खाली दाबली.

बाई उठल्या. मला म्हणाल्या, "नकल्या, वरची पिशवी दे." आणि उतरल्या. मी म्हणालो, बाई, आता तुम्हाला काढता येत नाय, कुणी वर कळवलं तर बढती जाईल, नोकरी जाईल. त्यांनी ऐकलं, पूर्ण ऐकलं, आणि म्हणाल्या, "महिनाभर ती काय करील?"

फाट्यावर चहाचं एक छप्पर होतं. चहावाल्यानं एका शब्दावर दूध उतरवलं आणि पातेलं घासून त्यात बाईंच्या पिशवीतले, त्यांचे स्वतःचे चिमटे उकळायला ठेवले. छपरामागं बाजेभोवती इंदूबाईंनी पिशवीतली दोन पातळं आडोशाला बांधली. गाडीतले पन्नास-साठ लोक खाली उतरले होते, काय झालं, काय झालं म्हणत. मी त्यांना रस्त्याच्या पल्याड लिंबाखाली नेलं आणि नकला सुरू केल्या. मास्तर केले, तहसीलदार केले, देशमाने साहेब केले. घाई झालेल्या एका वकिलानं घड्याळ बघून कंडक्टरला विचारलं, आपण थांबलोय कशाला? कंडक्टर बिडी ओढत छपराकडं पाठ करून उभा होता. म्हणाला, इंजिन तापलंय. ड्रायव्हरनं लगेच बॉनेट उघडून ठेवलं.

अर्ध्या तासानं बाई बाहेर आल्या, पदराला हात पुसत. ती बाई लेकरू पाजत बाजेवर बसली होती. इंदूबाईंनी तिला काहीतरी सांगितलं, दोन बोटं दाखवली, दोन दिवस हंडा उचलू नको असं असणार. चहावाल्याला पातेलं चांगलं घासून घे म्हणाल्या. मग पातळं सोडून, घडी घालून पिशवीत ठेवली आणि गाडीत चढल्या. त्यांच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. ड्रायव्हरनं बॉनेट बंद केलं, लोक भराभर चढले. वकील सुद्धा बाजूला सरकला.

"लई उशीर झाला का रे?" बाईंनी कंडक्टरला विचारलं.

कंडक्टरनं बिडी विझवून कानामागं खोचली. "नाय बाई," म्हणाला, "आत्ताच टायम झालाय." आणि दोनदा बेल मारली.